झालं की कळेलच तिला

“तिला आत्ताच कशाला सांगायचं? झालं की कळेलच तिला!”

आता तुम्हीच सांगा, हे वाक्य कशाबद्दल असेल? नवऱ्याने परस्पर नवा टीव्ही घेतला असेल, सासूबाईंनी न विचारता पडदे बदलले असतील, फार तर फार एखाद्या चुलत आत्या महिनाभर राहायला यायच्या असतील... हो ना? तर नाही! हे वाक्य माझ्या बाळंतपणाबद्दल होतं. माझ्या! म्हणजे पोट माझं, पोटातलं बाळ माझं, पावलांना आलेली सूज माझी, आणि बातमी तेवढी मला सगळ्यात शेवटी. झालं की कळेलच! अहो, न कळून सांगते कुणाला? सकाळी उठून आरशासमोर उभी राहीन आणि म्हणेन, अगंबाई, काल इथे पोट होतं ना?

बोलणारा कोण, तर माझा नवरा. कुठे, तर खाजगी हॉस्पिटलच्या डिलक्स खोलीबाहेर. डिलक्स म्हणजे काय, तर गालिचा आहे, भिंतीवर फुलांची तसबीर आहे, पाहुण्यांसाठी पेशंटच्या पलंगाहून मोठा सोफा आहे, फक्त दार तेवढं नीट लागत नाही. आणि मी आत, भर दुपारी, डोळे मिटून पडलेली. तुम्हाला सांगते, कमी बोलणाऱ्या बाईचा हा एक मोठा फायदा असतो. ती गप्प असली की लोकांना वाटतं ती झोपलीये, आणि मग लोक किती मोकळेपणाने बोलतात!

तर बाहेर आमच्या डॉक्टरबाई. त्यांचा आवाज असा, की साखरेला मुंग्या लागाव्यात तसे पेशंट लागतात. “तसं सगळं अगदी नॉर्मल आहे हो, काळजीचं काही नाही. पण परवापासून मी आठवडाभर फिरायला चाललेय ना, मग उद्या सकाळी पहिलीच केस हिची उरकून घेऊ. विचारलंच तिने, तर बाळाभोवतीचं पाणी थोडं कमी झालंय म्हणू.”

उरकून! मी जशी काही कुणाच्या तरी टेबलावरची राहिलेली फाइल.

यावर नवरा काय म्हणाला असेल? “अहो डॉक्टर, तिला विचारायला हवं”, असं? छे! तो म्हणाला, “उद्या शुक्रवार. मलाही बरं पडेल, शनिवार-रविवार जोडून मिळतील.” आणि सासूबाई, “झालेलं बरं बाई एकदाचं, माझा तर जीव टांगणीला लागलाय.” म्हणजे बघा, डॉक्टरबाईंना सोयीचं, नवऱ्याला सोयीचं, सासूबाईंचा जीव टांगणीवरून खाली येणार... आता दोनच माणसं विचारायची राहिली होती. एक मी, आणि एक जे यायचं होतं ते. पण आम्ही दोघंही आतल्या बाजूला ना!

मग दार उघडलं, तिघं आत आले, मी डोळे उघडले, आणि तिघांच्याही तोंडून एकाच सुरात निघालं, “तू फक्त रिलॅक्स हो!”

या चार शब्दांनी, तुम्हाला सांगते, मला नऊ महिने छळलंय. मुळात मी रिलॅक्सच असते हो. लग्नाला जेमतेम सव्वा वर्ष, या घरात मी अजून नवीच. सोफा कुठला घ्यायचा? चालेल. भिंतींना रंग कुठला द्यायचा? चालेल. नवरा चारचौघांत अभिमानाने सांगतो, “आमच्या हिचं काही म्हणणंच नसतं!” लोक म्हणतात, नशीबवान आहेस बाबा. मीही हसते. आता सोफ्याबद्दल नाही माझं म्हणणं, मग काय करू? उगाच तयार करू का?

पण बाळंतपणाबद्दल होतं. एकच होतं, आणि ते मी सांगितलं होतं. तोंड उघडून, मराठीत, दोघांनाही. डॉक्टरबाईंना म्हटलं, “काहीही करावं लागलं तरी चालेल, कळा सोसेन, ऑपरेशन करावंच लागलं तर तेही करा, पण मला जागं राहायचंय. आणि बाळ आलं की सगळ्यात आधी मला बघायचंय.” डॉक्टरबाईंनी माझा हात हातात घेतला. हात काय मऊ त्यांचा! म्हणाल्या, “अगं वेडे, तुझ्याशिवाय दुसरं कोण बघणार आधी? बाहेर आलं की थेट तुझ्या छातीवर! तू फक्त रिलॅक्स हो.” आणि परत येताना गाडीत नवरा म्हणाला, “पहिली तू. दुसरा मी. मध्ये कुणी आलं तर मी दारात आडवा पडेन.” आडवा पडेन म्हणाला होता! सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न मारत होते, आणि मी वेड्यासारखी त्याच्याकडे बघत बसले होते. इतकं छान वाटलं होतं मला.

आणि त्या हॉस्पिटलने आम्हाला आधी सगळं हिंडवून दाखवलं होतं बरं का! सातव्या महिन्यात. कोट घातलेली एक गोड मुलगी पुढे, आम्ही मागे, जणू फ्लॅट बघायला आलोय. “हा आमचा प्रसूती कक्ष, इथे मंद दिवे लागतात. इथे तुम्ही हवं तसं बसू शकता, उभ्या राहू शकता, चालू शकता.” आणि कोपऱ्यात एक भला मोठा निळा रबरी चेंडू. त्यावर बसून म्हणे हळूहळू हलायचं, कळा सोप्या जातात. माझं मन त्या चेंडूवर बसलं ते बसलंच! घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हलायचा सराव केला. स्टूल हलत नाही, मीच हलायचे. सासूबाई ओट्यापाशी उभ्या. “बरं वाटत नाहीये का गं?”

तर तारीख जवळ आली म्हणून ॲडमिट झाल्या झाल्या मी सिस्टरना विचारलं, “तो निळा चेंडू मिळेल का?” त्या बावरल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, “मॅडम, तो दाखवायचा आहे.”

दाखवायचा! तिथेच मला कळायला हवं होतं की इथे बरंच काही दाखवायचं आहे.

बरं, परत त्या दुपारकडे येते. आता मला सगळं ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल, मग ताडकन उठून बोलायचं की! का गप्प बसलीस? सांगते. मी वाट बघत होते. मला वाटलं, बाहेर डॉक्टरबाईंसमोर भिडेखातर हो म्हणाला असेल, पण आत येऊन, सासूबाई चहा प्यायला खाली गेल्या की, माझ्यापाशी बसेल आणि म्हणेल, “अगं, असं असं म्हणतायत, तुला काय वाटतं?” बस. तेवढंच. मी कदाचित ‘चालेल’सुद्धा म्हणाले असते हो! पण त्याने विचारायला हवं होतं.

सासूबाई खाली गेल्या. मी म्हटलं, “काय म्हणाल्या रे डॉक्टर?”

“काही नाही. सगळं मस्त आहे.”

“उद्याचं काय?”

“उद्या काय? काही नाही.” आणि त्याने मोसंबी सोलायला घेतली. या माणसाला सव्वा वर्षात कधी स्वतःहून मोसंबी सोलताना मी पाहिलं नव्हतं. एकेक फोड काय सोलतोय, बिया काय काढतोय, पांढरे धागे काय काढतोय... मी त्या मोसंबीकडे बघतेय, तो मोसंबीकडे बघतोय. मी आणखी एकदा वाट करून दिली. म्हटलं, “तुला काही सांगायचंय का मला?” तर माझ्या हातावर फोड ठेवून म्हणतो, “तू फक्त रिलॅक्स हो.”

खाल्ली मी ती फोड. काय करणार?

तेवढ्यात सासूबाई परत आल्या. त्यांना एव्हाना पलंगाच्या रिमोटचा शोध लागला होता. हा पलंग रिमोटवर वर-खाली व्हायचा, आणि रिमोट पेशंटच्या हाती असावा अशी साधारण कल्पना असते. पण त्यांनी तो जो हातात धरला तो धरला. “थांब हं, तुला जरा टेकून बसवते,” म्हणून बटण दाबलं, तर माझे पाय वर! “अगंबाई, हे नव्हे वाटतं,” म्हणून दुसरं दाबलं, तर डोकं वर, पाय वरच! मी मधे, घडी घातलेल्या चादरीसारखी, पोट तेवढं पुढे. नवरा हसतोय, सासूबाई हसतायत, सिस्टर हसतायत, आणि मीही हसतेय. आतून मला रडू येत होतं की काय, ते त्या अवस्थेत कळायला मार्ग नव्हता.

संध्याकाळी माझी आई आली. म्हटलं, चला, आपलं माणूस आलं. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला, डब्यातलं सूप काढलं, आणि म्हणाली, “पोटभर पी गं, उद्या सकाळी उपाशी...” आणि जीभ चावली!

म्हणजे आईलाही माहीत! तुम्हाला सांगते, तोवर मी ठीक होते. डॉक्टरबाई परक्या, सासूबाई नव्या, नवरा... नवरा तसा नवाच. पण आई? जिला माझ्या नुसत्या शिंकेवरून कळतं की मला ताप येणार आहे, तिला हे नाही कळलं? “आई, तुला कुणी सांगितलं?” तर म्हणते कशी, “जावईबापूंचा फोन आला होता. किती काळजी करतात गं तुझी! म्हणाले, तिला बोलू नका, ती टेन्शन घेईल.” आणि वर, “तू फक्त...”

“रिलॅक्स होते,” मी म्हटलं.

सकाळी सगळे माझ्याआधी तयार. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातलेला, सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसलेली. आईने तर लिपस्टिकसुद्धा लावली होती, माझ्या लग्नात लावली नव्हती तिने! कॅन्टीनमधून सगळ्यांचे टोस्ट आले, ऑम्लेट आलं, चहा आला, मला घोटभर पाणीही नाही. का, तर, “आज जरा पोट रिकामं ठेवायचंय तुझं.” का? “सहज!”

सहज चाकांच्या खुर्चीत बसवलं, सहज हिरवा झगा घातला, सहज ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत नेलं. आत डॉक्टरबाई टोपी घालून उभ्या. “पाणी जरा कमी वाटतंय गं, रिस्क नको घ्यायला.” मी छताकडे बघत होते. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण आयुष्यात पहिल्यांदा, एका खोलीत आठ-दहा माणसं असताना, मी मोठ्याने एक प्रश्न विचारला. म्हटलं, “डॉक्टर, पाणी कमी झालंय, की तुम्ही फिरायला चाललाय?”

कुणाच्या तरी हातातून चिमटा पडल्याचा आवाज.

डॉक्टरबाईंचा आवाज तसाच, साखरेसारखा. भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, “पेशंट फार घाबरलीये. हिला थोडं झोपेचं द्या.”

ऐकलंत? इतर लोक प्रश्न विचारतात, त्यांना उत्तर मिळतं. मी विचारला, मला इंजेक्शन मिळालं! मी म्हणत होते, “नको, मला जागं राहायचंय, मी सांगितलं होतं तुम्हाला, मला जागं...” आणि कपाळावर एक मऊ हात आला, आणि लांबून कुठून तरी, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला, “तू फक्त रिलॅक्स हो...”

आणि काय सांगू! झालेच हो मी रिलॅक्स.

डोळे उघडले तर दुसरीच खोली. पडदा, सलाइन, जड जीभ, आणि फरशी पुसणाऱ्या एक मावशी. त्या माझ्याकडे बघून तोंडभर हसल्या. “अभिनंदन ताई! मुलगी झाली!”

मी म्हटलं, “कुणाला?”

खरंच विचारलं हो मी! त्या मावशींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “तुम्हाला, ताई.”

मला!

“कुठंय?” म्हटलं. तर म्हणाल्या, “खाली लाउंजमध्ये. सगळे फोटो काढतायत.”

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. त्या हॉस्पिटलची एक पद्धत आहे, तिला ते ‘स्वागत समारंभ’ म्हणतात. बाळ पुसलं, गुंडाळलं, की थेट खाली लाउंजमध्ये. तिथे फुग्यांची कमान, त्यांचाच फोटोवाला, आणि नातेवाइकांची रांग. एकेकाने यायचं, बाळ घ्यायचं, हसायचं, पुढे सरकायचं. आई कुठे आहे? वर. टाके घालतायत तिला. येईल सावकाश. कमानीखाली जागा तरी कुठे होती तिला!

मग ते फोटो मी बघितले. पहिला माझ्या नवऱ्याचा. डोळ्यांत पाणी, नाक लाल. खोटं नाही बोलत, त्या फोटोत तो इतका गोड दिसत होता की मला त्याचा राग येईना, आणि राग येत नाही याचाच राग येत होता. दुसरा सासूबाईंचा. तिसरा आईचा, लिपस्टिक कशासाठी लावली होती ते कळलं. मग सासरेबुवा, मग नणंद... नणंद तर दुसऱ्या देशात असते, तिने व्हिडिओ कॉलवर बघितलं! समुद्रापलीकडच्या बाईने माझ्या मुलीला माझ्याआधी बघितलं, आणि वर म्हणाली, “कपाळ आमच्याकडचं आहे!” नाकाचं वाटप झालं होतं, हनुवटीचं झालं होतं, कान तेवढे कुणी घेतले नव्हते. ते माझे, असं ठरलं.

आणि एक व्हिडिओही होता. नवऱ्याला आत घेतलं होतं त्यांनी! म्हणजे तो होता तिथे. बाळ बाहेर आलं, रडलं, डॉक्टरबाईंनी उचलून त्याला दाखवलं, तो म्हणतोय, “अरे बापरे, अरे बापरे, अरे बापरे...” आणि मी? मी आहे ना व्हिडिओत. खालच्या कोपऱ्यात. तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. माझ्याच मुलीच्या जन्माला मी अशी हजर होते, जसे लोक लांबच्या बसमध्ये शेजाऱ्याच्या खांद्यावर असतात.

मग कधी तरी आणली तिला माझ्याकडे. बाटलीचं दूध पाजून झालेलं, सगळ्यांना भेटून दमलेली, गाढ झोपेत. मी तिच्या मुठीत बोट घातलं. तिने धरलं नाही. धरत नाहीत म्हणे झोपेत, सिस्टर म्हणाल्या. मी नुसती बघत राहिले. असं वाटलं, मी उशिरा पोचलेय, कार्यक्रम संपलाय, खुर्च्या उचलतायत. आणि मी एवढं बघतेय न बघतेय तोच सासूबाई, “दे गं इकडे, टाके ओढतील. तू फक्त रिलॅक्स हो.”

मग तेच! पुढचे सगळे दिवस तेच! पाजायची वेळ झाली की माझ्याकडे, पाजून झालं की दे इकडे. बाळ सगळ्यांचं, मी फक्त दुधाची सोय होते.

एकदा नवरा एकटा सापडला. म्हटलं, “तू मला का नाही सांगितलंस?”

“अगं, तुझ्याचसाठी! तू टेन्शन घेतलं असतंस.”

“मी ऐकलं होतं सगळं. दाराबाहेर बोलत होतात ते.”

“तुला माहीत होतं?”

“हो. मी वाट बघत होते. तू सांगशील म्हणून. तू मोसंबी सोललीस.”

तुम्हाला सांगते, त्याचा चेहरा पडला. खरंच पडला. मला वाटलं, आता हा काही तरी बोलेल, आता कळलं याला... त्याने एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, “मग तू का नाही बोललीस? तुझं हे असंच असतं बघ. बोलायचं नाही, आणि मग मनात ठेवायचं!”

घ्या! शेवटी कुणाचं चुकलं? ज्याला विचारायचं होतं त्याचं नाही. जिला विचारलं नाही तिचं!

मग घरी जायचा दिवस आला. आम्ही सगळे दाराशी, आणि ती कोटवाली गोड मुलगी धावत आली. “मॅडम, एक छोटासा व्हिडिओ! आमच्या पेजसाठी. नव्या आईचा अनुभव!” मागून कॅमेरेवाला. फिरायला जायचं शेवटी चार दिवस पुढे ढकललेल्या डॉक्टरबाईही खास आलेल्या, त्यांनी माझ्या खांद्यावर तो मऊ हात ठेवला. सासूबाई बाळाला घेऊन एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला, आई मागे. नवऱ्याने आधीच सांगून टाकलं, “ती फारसं बोलत नाही हो. एखादं वाक्य बोलेल. मी बोलू का तिच्याऐवजी?” आणि डॉक्टरबाई माझ्या कानाशी, “दोनच शब्द गं, छान हसून. तू फक्त रिलॅक्स हो.”

लाल दिवा लागला. “तर मॅडम, कसा होता तुमचा बाळंतपणाचा अनुभव?”

सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मीही हसले. आणि त्या कॅमेऱ्यात बघून, शांतपणे, अगदी स्पष्ट म्हटलं,

“बाळंतपण छानच झालं असं ऐकलंय. मी काही तिथे नव्हते, मी झोपले होते. या सगळ्यांचं झालंय ते, कसं झालं त्यांनाच विचारा. आणि तुमचं सगळ्यांचं घेऊन झालं असेल तर बाळ जरा इकडे द्या... आमची अजून ओळख व्हायचीये.”